खुशाली कळवत जा

दिघीचं नाव छापील इतिहासात मोजक्या वेळा येतं. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखातलं, राजपुरी खाडीच्या दक्षिण काठावरचं गाव म्हणून ते येतं. १९४८ साली जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा मुरूड आणि म्हसळ्याबरोबर श्रीवर्धनचा भागही कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला आणि दिघी कुलाब्याची झाली. १ जानेवारी १९८१ पासून जिल्ह्याचं नाव रायगड झालं. मुंबईतल्या १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात शेखाडीबरोबर दिघीचं नाव आलं आणि पुढची काही वर्षं गाव सांगताना आपल्यापैकी अनेकांना समोरच्याचा चेहरा वाचावा लागला. त्यानंतर बंदर आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांच्या यादीतही दिघी आहे.

या सगळ्या नोंदी खऱ्या आहेत. पण त्यांतल्या एकाही नोंदीत दिघीतली दोन माणसं एकमेकांशी बोलताना दिसत नाहीत. कुणाच्या घरी कालवण बिघडलं, कुणाच्या म्हशीने दूध आटवलं, कुणाच्या मुलाला मुंबईत खोली मिळाली, कुणाचा नवरा बरेच दिवस घरी आला नाही, हे सगळं या गावात रोज कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं. गाव त्यावर चाललं. इतिहासात मात्र ते उतरलं नाही.

जुन्या पत्रांत या बोलण्यासाठी एक शब्द होता: खुशाली. ‘इकडे सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवत जा’ असं लिहिल्याशिवाय आपल्या आजोबांचं कार्ड पुरं होत नसे. शाळेच्या या स्मरणिकेसाठी काय लिहावं असा विचार करताना मला वाटलं, की या खुशालीचाच थोडा इतिहास मांडावा. मैत्री टिकायला जिव्हाळा लागतो हे आपण सगळेच म्हणतो. पण जिव्हाळ्याला एखादी वाटही लागते. लाँच, कार्ड, फोन, काहीतरी. त्या वाटेवर कुणाचा ताबा होता, यावर कुणाची मैत्री टिकली आणि कुणाची तुटली हे बरंचसं ठरलं. आणि आपल्या किनाऱ्यावर ही वाट मुलग्यांना लवकर मिळाली, मुलींना फार उशिरा.

सुरुवात जात्यापासून करते. जातं एकटीनेही ओढता येतं, पण दोघी समोरासमोर बसल्या की काम हलकं होतं. पहाटे घर झोपलेलं असताना दोघी बायकांना मिळणारा हा तास म्हणजे त्यांची हक्काची बैठक होती. सासरचा जाच, माहेरची आठवण, भावाचं कौतुक, लेकाचं दुखणं हे सगळं ओवीत येई. ओवीत म्हटलेलं म्हणजे गाणं, त्यामुळे कुणी ऐकलं तरी जाब विचारणं अवघड. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी प्रामुख्याने पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ गावांतून अशा ओव्या गोळा केल्या. त्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि २०१७ पासून ‘पारी’ या उपक्रमातून त्या लोकांसमोर येत आहेत. त्यांचं मोठेपण असं, की म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव त्यांनी नोंदवून ठेवलं. त्या ओव्यांत ‘सई’ आणि ‘गडणी’ अशा हाका येतात. सई म्हणजे मैत्रीण, गडणी म्हणजे सवंगडीण. ही मैत्रीण दुरून पत्र पाठवणारी नव्हे. ती जात्याच्या पलीकडे बसलेली आहे, फार तर शेजारच्या आळीत आहे.

पिठाची गिरणी आली आणि बायकांचे खांदे सुटले. त्याबद्दल कुणालाही वाईट वाटू नये. पण गिरणीने पीठ दिलं तसा तो पहाटेचा तास घेतला आणि त्याच्या बदल्यात दुसरा तास काही दिला नाही. बायकांनी तो स्वतःच शोधला. विहिरीवर, मासळी सुकवायच्या ओट्यावर, लाँचची वाट बघताना, हळदीकुंकवाला, ईदच्या दिवशी शीरखुर्म्याचं भांडं पोचवायला गेल्यावर उंबऱ्यात उभ्याउभ्या. ‘चला, उशीर झाला’ म्हणत म्हणत अर्धा तास चालणाऱ्या त्या गप्पा लहानपणी आपण सर्वांनी कंटाळून ऐकल्या आहेत.

लांबच्या मैत्रीसाठी मात्र टपालाची गरज होती. १८५४ च्या कायद्यानंतर देशात अंतर कितीही असलं तरी पत्राचा खर्च वजनावर ठरू लागला. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं पोस्टकार्ड आलं. १८८० पासून टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली. १८७६ मध्येच भारत जागतिक टपाल संघटनेत सामील झाला होता, त्यामुळे परदेशी पत्र पाठवणंही आटोक्यात आलं होतं. या चार गोष्टी सव्वीस वर्षांच्या आत घडल्या आणि सामान्य माणसाला दूरच्या सामान्य माणसाशी बोलता येऊ लागलं.

याच काळात आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला, टपाल खात्यातला एक कारकून बदली होऊन आला होता. त्याचं नाव गोपाळराव जोशी. त्याची बायको आनंदी. तिचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, लग्न नवव्या वर्षी. लग्नाआधी तिचं नाव यमुना होतं. डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र आपण शाळेत शिकलो ते ‘पहिल्या महिला डॉक्टर’ म्हणून. पण त्यांच्या आयुष्यात एक मैत्रीही आहे, आणि ती टपालाने झालेली आहे.

बायकोला शिकवायला मदत मिळावी म्हणून गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. ते तिकडच्या एका मासिकात छापून आलं. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या गृहिणीने दंतवैद्याकडे आपली पाळी येईपर्यंत ते मासिक चाळलं आणि घरी जाऊन तिने एका अनोळखी हिंदू मुलीला पत्र लिहिलं. उत्तर आलं. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं ही पत्रं आगबोटीने आठवडेच्या आठवडे प्रवास करून जात-येत राहिली. आनंदीबाईंच्या पत्रांत इकडच्या घरातल्या चालीरीती आहेत, स्वतःची दुखणी आहेत, मनात येणाऱ्या शंका आहेत. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गमावलेल्या मुलीला हे सगळं सांगायला घरात किंवा आळीत कोण होतं? नवरा शिकवणारा होता, पण करडा होता. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना ‘मावशी’ म्हणू लागल्या. १८८३ मध्ये त्या बोटीने अमेरिकेला गेल्या तेव्हा उतरल्या त्या याच मावशीच्या घरी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, त्या पुण्यात वारल्या. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या पुरल्या आहेत. एका मैत्रिणीने दुसरीला आपल्या घरच्या माणसांमध्ये जागा दिली.

हे सगळं आज आपल्याला माहीत आहे, कारण पत्रं जपली गेली. १८८८ मध्ये कॅरोलाईन डॉल या अमेरिकन लेखिकेने इंग्रजीत आणि १८८९ मध्ये काशीबाई कानिटकर यांनी मराठीत आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं. काशीबाईंनी पत्रांनाही त्यात मानाने जागा दिली. एका बाईचं बोलणं दुसऱ्या बाईने महत्त्वाचं मानलं म्हणून ते उरलं.

पण या गोष्टीत एक अडचणीची बाब आहे. आनंदीबाईंचं पत्र अमेरिकेला पोचलं, कारण नवरा टपालात होता आणि त्याची संमती होती. पत्राची वाट त्याच्या हातून जात होती. त्याच वर्षांत अलिबागला, मुरूडला, दिघीला ज्या हजारो मुली नवव्या-दहाव्या वर्षी सासरी गेल्या, त्यांना लिहिता येत नव्हतं आणि लिहिता आलं असतं तरी कार्ड टाकायला कुणाला सांगणार, हा प्रश्न होताच. शिवाय त्यांची नावं बदलली होती. यमुनेची आनंदी झाली, तशी प्रत्येक गावातून दरवर्षी काही नावं नाहीशी होत होती.

आता पुरुषांचं बघू. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५०च्या दशकात निघाली आणि पुढच्या शंभर वर्षांत कोकणातला तरुण गिरणगावात गेला. तिथे एका गावच्या माणसांची मिळून एक खोली असे. पाळीपाळीने झोपायचं, ट्रंका एकावर एक रचायच्या, जेवायला खाणावळ. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, हे वाचकांना माहीत असेल. गावच्या त्या खोलीत रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसपाळीला निघालेल्याला दोन मिनिटं भेटे. तेवढ्यात साहेबाची शिवी, गावचं कर्ज, बायकोचं बाळंतपण, सगळं बोलून होई. शनिवारी भजन, गणपतीला आणि शिमग्याला गाव. एकजण गावी निघाला की सगळ्यांचे निरोप आणि बोचकी त्याच्याकडे.

दर महिन्याला मनिऑर्डर येई. तिच्या फॉर्मला खाली एक कूपन असे, पैसे मिळणाऱ्याने फाडून ठेवायचं. त्यावर दोन-तीन ओळी लिहायला जागा होती. कोकणाचं घर मनिऑर्डरवर चाललं असं सगळे म्हणतात, पण त्या कूपनाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ‘पैसे पोचल्याचं कळवा. पाऊस कसा आहे. धाकट्याला शाळेत घाला.’ एवढ्यात बापाचं सगळं मन मावायचं. अनेक घरांत कूपन वाचून दाखवायचं काम पोस्टमनचं किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाचं. म्हणजे खाजगी असं काही नसे. उघड्या कार्डाचंही तेच. मृत्यूच्या बातमीचं कार्ड कोपरा फाडून पाठवत, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही हातात घेताच कळे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर बसले आणि गावोगावच्या मनिऑर्डरी आटल्या. पैसे थांबले तसे कूपनावरचे निरोपही थांबले. मनिऑर्डरची ती जुनी कागदी पद्धत २०१५ मध्ये बंद झाली. कुणाच्या घरी पत्र्याच्या पेटीत अशी कूपनं असतील, तर ती आपल्या गावाच्या इतिहासाची कागदपत्रं आहेत.

पुरुषांच्या मैत्रीला खोली होती, खाणावळ होती, भजनी मंडळ होतं, गावकीची वर्गणी होती आणि सगळ्यांची नावं लिहिलेली एक वही होती. ज्याला वहीत नाव आहे तो हरवत नाही.

दिघीला आणखी एक वाट होती, खाडीची. समोर आगरदांडा दिसतं, पण खाडीला वळसा घालून रस्त्याने जायचं तर दिवस मोडतो. म्हणून मुरूडची शाळा, मुरूडचा दवाखाना, मुरूडचा बाजार यांच्याशी आपला संबंध लाँचवर अवलंबून राहिला. १ जून १९४८ ला एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला सुटली आणि पुढे ती म्हसळा, बोर्ली करत आपल्या भागात पोचली. लाँचचा खलाशी आणि एस.टी.चा कंडक्टर हे आपले बिनपगारी पोस्टमन. ‘अमुकच्या घरी सांगा, मी शनिवारी येते’ एवढा निरोप पलीकडे पोचायला त्यांना तिकीट लागत नसे. आज त्याच खाडीवर गाड्या घेऊन जाणारी बोट चालते, आणि रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या आराखड्यात दिघी-आगरदांडा पूलही आहे. पूल झाल्यावर लाँचची वाट बघत जेट्टीवर बसणं संपेल. वेळ वाचेल. त्या बसण्यात जे बोलणं होतं, ते दुसरीकडे कुठे होणार, हे मात्र ज्याचं त्याला शोधावं लागेल.

आपल्या किनाऱ्यावरून पुष्कळ जण बोटींवर आणि आखाती देशांत गेले. ज्यांना लिहायचा सराव नव्हता, त्यांनी कॅसेटवर बोलून पाठवायची युक्ती काढली. केरळपासून कोकणापर्यंत ही पद्धत होती. गावी येणाऱ्या माणसाच्या बॅगेतून कॅसेट यायची आणि घरभर बसून ऐकली जायची. बायको उत्तराची कॅसेट भरायची तेव्हा मागे सासू-सासरे असायचे. तिला जे सांगायचं असे, ते बहुतेक वेळा ती खोकल्यातून आणि थांबण्यातून सांगत असावी.

आमच्या पिढीकडे येते. १९५० साली आलेलं निळं आंतरदेशीय पत्र हे आम्हा मुलींच्या दृष्टीने मोठीच सोय होती. कार्ड उघडं, पाकीट महाग, आणि हे तिन्ही बाजूंनी घडी घालून डकवता येणारं. १९९०च्या दशकात दहावी होऊन आम्ही वेगवेगळ्या दिशांना गेलो. कुणी बोर्ली, श्रीवर्धन, मुरूडला अकरावीला, कुणी मुंबईला मावशीकडे, कुणी घरीच. पहिलं वर्ष-दोन वर्षं पत्रं चालली. वसतिगृहातलं पाणचट वरण, रॅगिंगची भीती, नवी चप्पल, केस कापल्यावर आईने धरलेला अबोला असे विषय. घडीच्या आतल्या कडेवरही लिहायचं, पत्ता लिहायच्या जागेच्या खाली उलटं लिहायचं. एक आंतरदेशीय पत्र म्हणजे दोन फुलस्केप कागद आम्ही त्यात बसवत होतो.

मग एकेकीचं लग्न झालं आणि पत्रं थांबली. भांडण झालं नव्हतं. नव्या घरात पत्र आधी दुसरं कुणीतरी उघडणार हे दोघींनाही ठाऊक होतं. ‘कोणाचं पत्र?’ या प्रश्नाला दरवेळी उत्तर देण्यापेक्षा पत्र न आलेलं बरं, असं अनेकींनी ठरवलं. आणि जिने तरीही लिहायचं म्हटलं, तिच्यापुढे पाकिटावर नाव काय लिहायचं हा प्रश्न होता. आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, काही घरांत तांदळाच्या ताटात नवं नाव लिहून पहिलं नावही बदललं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला आणि गाव अचूक सापडू लागलं. पण ज्या व्यक्तीचं नावच बदललंय, तिला पिनकोड काय शोधणार?

टेलिफोनची गोष्ट मला जवळची वाटते, कारण पुढे मी सॉफ्टवेअरच्या कामात पडले. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्येच आलं, पण खेड्यापर्यंत फोन यायला आणखी शंभर वर्षं लागली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने खेड्यासाठी छोटं एक्स्चेंज तयार केलं. १२८ जोडण्यांचं, वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उकाड्यात चालणारं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. गरज कुठे आहे हे ओळखून केलेलं इंजिनिअरिंग कसं असतं, याचं हे उदाहरण मी नव्या मुलांना अजून सांगते. त्यापाठोपाठ पिवळ्या पाट्यांचे एस.टी.डी. बूथ आले. रात्री उशिरा दर पावपर्यंत उतरत, म्हणून जेवणं झाल्यावर रांग लागायची. आत लाल आकडे पळायचे आणि बाहेर उभे असलेले सगळं ऐकायचे. त्यामुळे फोनवर मोठ्या बातम्याच सांगितल्या जात. निकाल, जन्म, आजार, पैसे. ‘आज उगाचच उदास वाटतंय’ हे सांगण्यासाठी कुणी मीटर पळू देत नाही. शिवाय रात्री बूथवर उभं राहणं मुलग्यांनाच शक्य होतं.

३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. सुरुवातीला फोन करायलाही पैसे आणि घ्यायलाही पैसे. २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला. तज्ज्ञ लोक याला दररचनेतला बदल म्हणतील. मला तो बायकांच्या मैत्रीच्या इतिहासातला मोठा दिवस वाटतो. ज्या बाईच्या हातात स्वतःचे पैसे नाहीत, तिलाही आता मैत्रीण फोन करू शकत होती. एक रिंग देऊन ठेवायचं, म्हणजे ‘मी मोकळी आहे, तू कर’. मिस्ड कॉलची ही लिपी कुणी शिकवली नव्हती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २००९ मध्ये व्हॉट्सॲप निघालं, २०१३ मध्ये त्यात आवाजी निरोप आले, फेब्रुवारी २०१६ मध्ये ग्रुपची मर्यादा १०० वरून २५६ झाली (आम्हा प्रोग्रामर मंडळींचा लाडका आकडा), आणि त्याच सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटाचा विचार करणं लोकांनी सोडलं. गावोगावच्या दहावीच्या बॅचेसचे ग्रुप याच सुमारास जमू लागले. आपलेही जमले.

आमच्या बॅचचा ग्रुप झाला तेव्हा मुलग्यांची यादी आठवड्यात पुरी झाली. क्रिकेटच्या संघातून, गावकीतून, मुंबईच्या मंडळातून नंबर मिळत गेले. मुलींची यादी करायला वर्ष गेलं. हजेरीपटातली नावं आम्हाला पाठ होती, पण त्या नावांची माणसं कुठेच नव्हती. फेसबुकवर शोधायचं तर कोणत्या नावाने? शेवटी प्रत्येकीच्या भावाला गाठावं लागलं. काही भावांनी आनंदाने नंबर दिले, काहींनी ‘तिला विचारून सांगतो’ म्हटलं आणि सांगितलं नाही. एकीचा पत्ता लागला तेव्हा ती जाऊन तीन वर्षं झाली होती. एका बाकावर चार वर्षं बसलेल्या आम्हा तिघींना ते तीन वर्षं कळलं नव्हतं. तिला काय झालं होतं यापेक्षा त्याआधीची वीस वर्षं तिचं रोजचं कसं चाललं होतं, कशाला हसत होती, हे कुणाला विचारायचं ते आम्हाला कळेना.

जमलेल्या मैत्रिणींचा ग्रुप मात्र रोज वाजतो. दुपारी दोन ते चार. कुणाची भाकरी फुगली, कुणाच्या गुडघ्याची वेदना आज कमी आहे, कुणाच्या मुलीला सातव्या प्रयत्नात नोकरी लागली, कुणाच्या नवऱ्याने निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघरात लक्ष घालायला सुरुवात केली. लिहायचा सराव सुटलेल्या मैत्रिणी आवाज पाठवतात, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. जात्यावरचा तो तास थोडा सरकून दुपारी आला आहे, आणि या वेळी तो दुसऱ्या कुणाच्या हातून जात नाही. सगळ्याच बाबतीत असं नाही. काहींचा फोन घरात कुणीही उघडतो. त्या ‘डिलीट करते हां’ असं लिहून मगच मनातलं लिहितात.

या वाटेवरही फार विसंबू नये, हे ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दाखवलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात घरांची छपरं गेली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे कोसळले. त्यात टाळेबंदी. मुंबई-पुण्यातली माणसं घरचा फोन लागेना म्हणून कासावीस झाली आणि इकडची माणसं आपण जिवंत आहोत एवढंच कळवायला रेंज शोधत हिंडली. काही दिवस बातमी पुन्हा जुन्या रीतीने, माणसाच्या पायांनी, घरोघर फिरली. ज्याच्या गाडीला रस्ता मिळाला तो दहा घरांची खुशाली घेऊन निघाला. चिठ्ठीवर नावं, पुढे ‘बरे आहेत’ असे दोन शब्द. मनिऑर्डरच्या कूपनाएवढाच मजकूर.

या सगळ्यातून आपल्या शाळेसाठी काय घ्यावं? माझ्या मते, आपल्या शाळेचं जनरल रजिस्टर हा या गावातला मैत्रीचा सगळ्यांत जुना आणि निःपक्षपाती दस्तऐवज आहे. गावकीच्या वहीत मुलींची नावं नसतात, सातबाऱ्यावर क्वचित असतात, मुंबईच्या मंडळाच्या यादीत तर प्रश्नच नाही. रजिस्टरात मात्र कोळ्याचा मुलगा, कोकणी मुसलमान घरातली मुलगी, पोस्टमनची लेक, खोताचा नातू एकाखाली एक आहेत आणि मुलींची नावं आई-बापांनी ठेवली तशीच आहेत. १ मे २०२४ पासून आपल्या राज्यात जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही लिहायचं ठरलं आहे. काही वर्षांनी आपल्या रजिस्टरात तीही नावं उतरू लागतील.

म्हणून स्नेहमेळाव्याच्या समितीपुढे तीन साध्या गोष्टी ठेवते. या स्मरणिकेच्या शेवटच्या यादीत प्रत्येक विद्यार्थिनीचं शाळेतलं नाव आधी आणि आताचं नाव त्यापुढे छापावं, अर्थात तिला चालणार असेल तरच. ज्या सापडल्या नाहीत त्यांची नावं गाळू नयेत. नुसतं शाळेतलं नाव छापून पुढची जागा मोकळी ठेवावी, म्हणजे वाचणाऱ्या कुणाच्या तरी ओळखीचं निघेल. आणि ज्यांच्याकडे जुनी कार्डं, आंतरदेशीय पत्रं, मनिऑर्डरची कूपनं असतील त्यांनी ती मेळाव्याला आणावीत. स्कॅन करून मूळ कागद लगेच परत देण्याचं काम मी अंगावर घेते. पत्र लिहिणारी व्यक्ती हयात असेल तर तिला विचारल्याशिवाय ते कुणाला दाखवलं जाणार नाही. मैत्रिणीला सांगितलेलं गावाला सांगितलेलं नसतं.

मेळावा दोन दिवसांचा आहे. भाषणं होतील, सत्कार होतील, सर आणि बाई भेटतील, ग्रुप फोटो होईल. यादीतली मोकळी जागा भरायला मात्र दोन दिवस पुरणार नाहीत. तुमच्या शेजारी, सासरच्या गावी, मुलाच्या शाळेत, लोकलच्या डब्यात कुणी बाई बोलता बोलता ‘आमची दिघीची शाळा’ म्हणाली, तर तिला तिचं शाळेतलं नाव विचारा आणि आम्हाला कळवा.